सापडेल असा रंग

पेठ नाका, पंचवटी, नाशिक
४ फेब्रुवारी २००२

शेखर,

आशीर्वाद तर आहेतच, ते कागदावर लिहून वाढत नाहीत.

पिंपळगाव काही लांब नाही. एवढ्या अंतरावरून आई पत्र का पाठवते, असं मोहिनी म्हणेल. पण फोनवर तू "हं" म्हणतोस आणि रिसीव्हर तिच्या हातात देतोस. पत्राचं पहिलं पान तरी तूच वाचशील अशी आशा आहे.

पूजाच्या साखरपुड्याला झालं ते झालं. तू दारातच म्हणालास, "आई, आधी ती साडी बदल." मोहिनीने तिची राखाडी साडी काढून दिली. मी ती नेसले नाही. विधवा आजी कुंकवासारख्या लाल साडीत पाहुण्यांसमोर बसली, म्हणून तुझी मान खाली गेली. होणाऱ्या विहीणबाई, मनमाडच्या मंगलाबाई, पूजाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "या तुझ्या आजी का गं? मग आजोबा कुठे दिसत नाहीत?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही आणि रडलेही नाही. या वयात दोन्हीचा कंटाळा येतो.

का नेसलीस, असं तू जाताना विचारलंस. भाऊबीजेची ओवाळणी आहे, भावाने दिली म्हणून नेसले, असं मी सांगितलं. आजही तेच सांगते. मामाला यात ओढू नकोस. साडी त्याने दिली असली तरी नेसणारी मी.

रावजीमामा बरा आहे. चष्म्याच्या डॉक्टरांकडे पुन्हा नेऊन आणलं. नंबर तोच आहे, मोतीबिंदू नाही. डॉक्टर म्हणाले, "या वयात एवढी स्वच्छ नजर कमी लोकांची असते." मामा खूश झाला. मी झाले नाही, पण ते राहू दे.

स्वयंपाकघरातली फळी मी रिकामी केली. दोन माणसांना एवढे डबे कशाला? आता फळीवर चहा आणि साखर एवढेच डबे आहेत. बाकीचे पलंगाखाली ढकललेत. आल्यागेल्याला वाटतं आम्ही घर सोडून निघालोय.

द्राक्षाचा हंगाम आटोपला की लग्न धरणार, असं मोहिनी म्हणाली. मला लग्नाला यायचं आहे, आणि मामाला घेऊन यायचं आहे. तुझे वडील गेल्यावर आपण दोघं याच घरात आलो. तुझ्या लग्नात तुझ्यामागे मामाच उभा होता. पूजाचं लग्न त्याने बघावं एवढंच माझं मागणं आहे. दुसरं काही मागायला आता उरलेलं नाही.

आई


पंचवटी
१ मार्च २००२

शेखर,

तुझा निरोप मोहिनीने फोनवर पोचवला. पोरगी बिचारी अडखळत होती. "आई, ते म्हणतात लग्नाला फिकी साडी नेसून या. आणि मामांना गर्दीत कशाला आणता? साखरपुड्यात ते सारखे तुमच्या मागेमागे होते. बायकांच्या खोलीतसुद्धा आले."

आला होता खरा. मी आत गेले, म्हणून तोही आला. कोणाकडे बघायला आला नव्हता.

फिकी साडी म्हणतोस, तर नेसेन. लाल रंग मला कधीच आवडला नाही. तुझे वडील होते तेव्हाही मी मोतिया, राखी असलेच रंग घ्यायची आणि ते म्हणायचे, "दुकानातून अर्धी धुतलेली साडी आणलीस का?" हौस म्हणून नेसले, असं तरी समजू नकोस. गल्लीत रोज काहीतरी ऐकावं लागतं. भाजीची गाडी लावणारी चिमणाबाई परवा म्हणाली, "सिंधुताई, लय खुलून दिसतो हां लाल! आता डोरलं तेवढं बाकी हाय."

मी म्हटलं, "तुझ्या गाडीवर मिळतं का?"

"माझ्याकडं दुधी मिळतो," म्हणाली आणि एक कोवळा दुधी पिशवीत टाकला. बाई वाईट नाही. टोमणा मारल्याशिवाय तिच्या तराजूचा काटा हलत नाही एवढंच.

मामा आता देवळातून सगळ्यांच्या शेवटी बाहेर येतो. दाराशी चपलांचा ढीग असतो. सगळे आपापल्या घालून गेले, की शेवटी त्याच्या उरतात, मग तो घालतो. मी विचारलं तर म्हणतो, "मला घाई नाही." चांगलंच आहे. जन्मभर गाडीच्या वेळा सांभाळल्या, आता घाई कशाला?

बुधवारी गंगेवरच्या बाजारातून तो फार उशिरा आला. बस चुकली म्हणाला. आपल्या घरून गंगेवर बसने कोणी जात नाही, हे तुझ्या लक्षात येईल. असो.

लग्नाला अजून अवकाश आहे. तोवर फिक्या साडीची पुन्हा सवय करते. मामाला मात्र एकटं ठेवून येणार नाही.

आई


पंचवटी
२४ मार्च २००२

शेखर,

हे पत्र तुला लिहायचं नव्हतं. मामाने मला शपथ घातली होती. पण आता लपवण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यानंतर मामाचं काहीतरी बिनसलं. त्याला गोष्टी आठवत नाहीत असं नाही. कोणत्या सालात कोणत्या मार्गावर कोण ड्रायव्हर होता, हे तो आजही सांगतो. पण समोरच्या पसाऱ्यातून हवी ती वस्तू त्याला उचलता येत नाही. फळीवर डब्यांची रांग असली की तो प्रत्येक डब्याकडे बघतो आणि चहाचा डबा समोर असून म्हणतो, "चहा संपला वाटतं." तोच डबा एकटा ठेवला की झटकन घेतो. रस्ता ओलांडताना रिक्षा दिसते, तिच्या बाजूने येणारी सायकल दिसत नाही. मला आधी वाटलं चष्मा. मग वाटलं, लक्ष देत नाही. मी त्याच्यावर ओरडलेसुद्धा.

दिवाळीच्या आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पुष्कळ काही विचारलं, मग एक कागद पुढे ठेवला. पानभर काळे गोल आणि त्यांत कुठेतरी एक लाल. "आजोबा, लाल गोल कुठे आहे?" मामाने लगेच बोट ठेवलं. दुसऱ्या कागदावर काळे आणि लाल, गोल आणि चौकोन, सगळे मिसळलेले. त्यातला एकच लाल गोल शोधायचा. मामा वरच्या ओळीपासून एकेकावर बोट फिरवत निघाला. अर्ध्या पानापर्यंत आला तेव्हा कपाळावर घाम होता. मग एका लाल चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, "हाच." डॉक्टरांनी कागद हळूच काढून घेतला.

मला म्हणाले, "हा वेडेपणा नाही आणि अजून स्मृतिभ्रंशही नाही. त्याच्या अलीकडची पायरी आहे. काही जण वर्षानुवर्षं याच पायरीवर राहतात, काही खाली उतरतात. डोळे चांगले आहेत, पण डोळ्यांनी आणलेल्या पसाऱ्यातून निवड करणारा आत जो असतो, तो दमलाय. पसारा कमी करा. वस्तू वेगळी उठून दिसली की त्यांना सापडेल." म्हणून फळी रिकामी.

बाहेर आल्यावर मामा मेडिकलच्या पायरीवर बसला. म्हणाला, "सिंधू, गाडीत उभं राहायला जागा नसायची. तरी कोणी तिकीट घेतलं नाही ते मी नुसतं बघून सांगायचो. खरं की नाही?"

"खरं, दादा."

"शेखरला यातलं सांगू नकोस. त्याच्यासाठी मी कंडक्टर आहे तेवढाच राहू दे."

मी कबूल केलं.

मग भाऊबीज आली. दर वर्षीसारखी मेन रोडच्या दुकानात आम्ही माझी साडी घ्यायला गेलो. दुकानात गर्दी होती. मी माझी फिक्या रंगांची चळत बघत सरकत सरकत दुसऱ्या टोकाला गेले. वर बघते तो मामा गादीपाशी उभा राहून एकेका बाईचं तोंड बघत होता. माझ्याकडे बघितलं, पुढच्या बाईकडे बघितलं, परत माझ्याकडे, परत पुढे. मी तिथंच होते रे. शेवटी मी हाक मारली. तो आला. दुकानदाराने उलगडलेल्या साड्यांच्या ढिगातून त्याने एक लाल साडी ओढली.

"ही घे."

"दादा, लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी बघून घेतो. मला तू दिसायला पाहिजेस."

त्या साडीत मी त्याला बाजारात, देवळात, दवाखान्यात लांबूनसुद्धा सापडू लागले. तुझ्याकडे साखरपुड्यात मोहिनीची राखाडी का नेसले नाही, ते आता कळलं असेल.

आता परवाचं सांगते. तुझ्या निरोपानंतर सवय व्हावी म्हणून मी मोतिया साडी नेसून निघाले. ओझरला बारशाला जायचं होतं. सीबीएस स्टँडवर मामाला बाकावर बसवून मी नळावर बाटली भरायला गेले. परत आले तो तो उठून उभा होता, मला शोधत. मी समोर उभी राहिले. हाक मारली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण मला बघायचं होतं, तुझ्या अटीवर लग्नाला येता येईल का. त्याची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही. उन्हाळ्याचे दिवस, अर्ध्या बायका फिक्या साड्यांत. तेवढ्यात एक गाडी लागली, गर्दी उसळली, आणि गर्दी ओसरल्यावर बाक रिकामा होता.

माझ्यासारखी साडी नेसलेली एक बाई पेठच्या गाडीत चढली, तिच्यामागे तोही चढला होता. गाडीतला कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून बरं. त्याने पेठला पोचल्यावर फोन करवला आणि परतीच्या गाडीत मामाला स्वतःच्या सीटवर बसवून आणलं. मी तोवर चौकशीच्या खिडकीसमोर उभी होते. मामा उतरला तो कंडक्टरशी घाटातल्या वळणांवर बोलत होता, जणू ड्यूटीवरून आलाय. मला म्हणाला, "तुला गाडीत शोधत होतो. सगळ्याच सिंधू दिसत होत्या."

तर शेखर, फिक्या साडीत मी मामाला घेऊन येऊ शकत नाही. लाल नेसून दोघं येऊ, नाहीतर दोघंही येणार नाही. हा रुसवा नाही. रुसायलासुद्धा जोर लागतो. तू हो म्हण किंवा नाही म्हण, पण तू म्हण. मोहिनीला फोन करायला लावू नकोस.

आई


पंचवटी
१४ एप्रिल २००२

शेखर,

तू हंगामाच्या धांदलीतून येऊन गेलास. घरात नीट बोलणं झालं नाही म्हणून लिहिते.

तू आत आलास तेव्हा मामाला सगळं कळलं. तू कधी नव्हे तो त्याच्या शेजारी खाली बसलास, त्यावरूनच. बराच वेळ तू पॅकहाऊसमधल्या गाड्यांचं सांगत होतास आणि तो "हो का" म्हणत होता. मग तू मध्येच म्हणालास, "मामा, वणीची यात्रा आठवते? चैत्रातल्या जादा गाड्यांवर तुमची ड्यूटी असायची आणि तुम्ही मला बरोबर न्यायचात."

"आठवते की. गडाच्या पायथ्याला तू चिक्की खायचास."

"माझ्या गळ्यात तुम्ही लाल रुमाल बांधायचात. मला लाज वाटायची, पोरं नंदी म्हणायची. मी सोडला की तुम्ही परत बांधायचात."

मामा म्हणाला, "बांधला नसता तर एवढ्या माणसांत सापडला असतास का रे?"

त्यानंतर तू गाडीचा टायर बघायला बाहेर गेलास. टायरला काही झालं नव्हतं, मी खिडकीतून बघत होते.

ही रुमालाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. मला वाटायचं, रुमालाचा हट्ट तुझा.

उंबऱ्यात चपला घालताना तू म्हणालास, "आई, लग्नाला लालच नेस. कोण काय बोलतं ते मी बघतो." भावानेही तेच म्हटलं होतं, मुलानेही तेच म्हटलं. लोकांना बघून घेणारे दोघं झाले. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, खोटं कशाला बोलू.

तू गेल्यावर मामा म्हणाला, "सांगितलंस तर."

"सांगितलं."

"बरं." त्या दिवशी तो अर्धी भाकरीच जेवला. दुसऱ्या दिवशी मात्र लग्नाला जायचा कोट बाहेर काढायला सांगितला.

पूजाला सांग, आजी येते आहे.

आई


पंचवटी
२० मे २००२

शेखर,

लग्न नीट पार पडलं. पूजा सासरी रुळते आहे, असं मोहिनी म्हणाली. ऐकून बरं वाटलं.

तू फोनवर फक्त एवढंच विचारलंस, "आई, चादर कशाला गं?" रागात नव्हतास, दमलेला होतास. ऐन मंगलाष्टकांच्या वेळी मुलीची आजी पांढरी चादर पांघरून कार्यालयाच्या दारात उभी होती, असं मंगलाबाईंनी तुला सांगितलं असणार. खरं आहे ते. तू बोहल्याजवळ होतास, तुला अर्धंच कळलंय. उरलेलं सांगते.

कार्यालयात शिरले आणि दारातच थबकले. मी तुझी परवानगी घेऊन, भावाने दिलेली लाल साडी नेसून आले, आणि आत बघते तो सगळंच लाल. शालू लाल, पैठण्या राणी, मंडपाचं कापड लाल, कारंज्यावरचे दिवे लाल. लग्नात बायका काय नेसतात हे मला जन्मभर माहीत आहे, पण त्या दोन महिन्यांत ते माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्याही आलं नाही. तू लालच नेस म्हणालास, मी नेसले, आणि आपण तिघंही निश्चिंत झालो. डॉक्टरांचा पहिला कागद मी धरून ठेवला होता. दुसऱ्याचं मनावर घेतलं नव्हतं. तो दुसरा कागद समोर पसरला होता आणि त्यात मी एक लाल चौकोन होते.

मामाला मी खांबाजवळच्या खुर्चीवर बसवलं. कोणीतरी त्याला गुलाबी फेटा बांधला. "दादा, मी पुढे बायकांत बसते. मान वर केलीस की दिसेन," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पुढून पूजाचं बोलावणं आलं होतं.

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी तो उठला. मी बघत होते. तो रांगेतून पुढे आला, एका बाईकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. मी हात वर केला, पण अक्षता वाटत होते, सगळ्यांचेच हात वर होते. मग त्याने मंगलाबाईंचं मनगट धरलं. "सिंधू, चल. गाडी लागली."

मंगलाबाई दचकल्या, पण ती बाई गप्प बसणारी नव्हे. "अहो मामा, मी सिंधू नाही, मी विहीण! यांच्याकडची रीत तरी काय म्हणायची? आजी लाल नेसतात आणि मामा विहिणीचा हात धरतात!"

मागून कोणी ओरडलं, "धरू द्या हो, मानपान समजा!" आणि सगळे हसले. मामाने हात सोडला नाही, कारण सोडला तर पुढे कोणाचा धरायचा हे त्याला कळत नव्हतं. मग त्याने जवळून तिचं तोंड बघितलं. त्या वेळचा त्याचा चेहरा तू बघितला नाहीस ते चांगलं झालं.

मी बायकांच्या गुडघ्यांतून वाट काढत तिथं पोचेपर्यंत मंगलाष्टकं सुरू झाली होती, वाजंत्री होती, आणि मामा तिथं नव्हता. हाक मारून घसा बसला. आणि शेखर, तेव्हा पहिल्यांदा मला कळलं त्याला रोज काय होतं ते. सगळ्या पुरुषांना गुलाबी फेटे. मी एकेका फेट्याखालचं तोंड बघत होते. हा नाही, हाही नाही. माझी नजर धड आहे, डोकं धड आहे, तरी मला माझा भाऊ सापडेना. दार उघडं होतं आणि बाहेर आग्रा रोड.

दाराशी पाहुण्यांची बैठक घातलेली होती. सगळे अक्षता टाकायला उठले होते. मी तिच्यावरची पांढरी चादर ओढली, डोक्यावरून घेतली, साडी पार झाकली आणि दाराच्या वरच्या पायरीवर उभी राहिले. मला तो सापडत नव्हता, तर निदान मी त्याला सापडावी. मंडपाच्या दारात, त्या मुहूर्तावर, पांढऱ्या कापडात विधवा. मागून कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. लाल नेसले तेव्हाही अपशकुन, पांढरं घेतलं तेव्हाही अपशकुन. माझ्या वाट्याला कुठला रंग ठेवलाय ते एकदा सगळ्यांनी बसून ठरवावं.

तो समोर टेम्पोंच्या रांगेत होता. दोन टेम्पोंमधून बाहेर आला, इकडे बघितलं आणि सरळ निघाला. मध्ये वरातीची घोडी होती, आइस्क्रीमवाला होता, पोरं पळत होती. त्यातल्या कशाकडेही त्याने बघितलं नाही. पायरीशी येऊन म्हणाला, "सापडलीस." मग जरा थांबून म्हणाला, "आत सगळ्याच लाल आहेत गं."

"हो दादा. मला आधी कळायला हवं होतं."

"पूजाचं लागलं का?"

तेवढ्यात टाळ्या वाजल्या. आम्ही दोघांनी दारातूनच अक्षता टाकल्या. बोहल्यापर्यंत पोचल्या नसतील.

जेवणाच्या वेळी मंगलाबाई आमच्या पंगतीशी आल्या. मला वाटलं, आता आणखी काय ऐकायचं? त्यांनी मामाच्या ताटात जिलबी वाढली आणि मला हळूच म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. तुम्ही आधी सांगायचं ना बाई." मी म्हटलं, "तुम्ही आजोबा कुठे म्हणून विचारलंत, तेव्हा सांगायला हवं होतं." त्या हसल्या नाहीत. आणखी एक जिलबी वाढली.

तर चादरीचं हे असं आहे. कार्यालयाची चादर आहे, ती धुऊन पिशवीत घातली आहे. माणूस आला की पाठव, देते.

आई


पंचवटी
१५ ऑगस्ट २००२

शेखर,

दिवाळीला दोघं पिंपळगावला या, असं तू म्हणालास. येऊ.

मामाचं विचारलंस म्हणून लिहिते. लग्नानंतर तो बरेच दिवस घराबाहेर पडला नाही. मी बाहेर निघाले की म्हणायचा, "तू जाऊन ये." मी पिशवीत दोन साड्या ठेवायला लागले होते, लाल आणि मोतिया. जिथं जायचं तिथं इतर बायका काय नेसून आल्या असतील याचा विचार करत बसायची. माणूस इतका विचार करून घराबाहेर पडायला लागला की घरीच बरा वाटतो.

मागच्या महिन्यात एका बुधवारी मी बाजाराला निघाले. मामाने त्याची जुनी पेटी उघडली. त्यात ड्यूटीच्या दिवसांतलं काय काय पडलेलं असतं. त्यातून एक लाल रुमाल काढला, आरशात न बघता गळ्याला बांधला आणि चपला घातल्या. दाराशी आता त्याच्याच चपला ठेवते, माझ्या आत असतात.

मी म्हटलं, "दादा, हे काय?"

"मला आता शोधायला जमत नाही. जमत नाही तर नाही." मग म्हणाला, "तू मला शोधत जा. तुला जी साडी आवडते ती नेस."

मी तिथंच उभी राहिले. मेडिकलच्या पायरीवर बसून शपथ घालणारा माणूस हाच, हे मनात आलं.

गल्लीत चिमणाबाईने हटकलं, "काय मामा, रुमाल बांधून यात्रेला निघाले का काय?"

"हरवायला निघालोय," मामा म्हणाला. "सापडलो तर तुझ्याकडून कोथिंबीर फुकट."

"हरवा, हरवा. कोथिंबीर कुठं पळत नाय."

लाल साडी घडी घालून ठेवली आहे. पुन्हा लागेल की नाही, ठाऊक नाही. डॉक्टर म्हणतात, सध्या आहे त्याच पायरीवर आहे. आम्ही पुढचं विचारत नाही. मी मोतिया नेसते. चिमणाबाई म्हणते, आता रंगच उडाला तुमचा.

दिवाळीला आलो की रुमालावरून कोणी हसलं तर तू टायर बघायला बाहेर जाऊ नकोस, मामाजवळ बस. एवढंच.

काल बाजार होता. उघडीप होती म्हणून गंगेवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी त्याचा हात सोडला आणि मुद्दाम मागे राहिले. तो पुढे गेला, गर्दीत शिरला. थोड्या वेळाने बघितलं तर टोमॅटोच्या ढिगापाशी बसलेला, गळ्यात रुमाल, लांबूनच दिसला. एकेक टोमॅटो उचलून, फिरवून बघत होता, परत ठेवत होता. विक्रेती कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. हाक मारायला मी तोंड उघडलं होतं, पण मारली नाही. निवडू दिलं त्याला.

आई